बरं वाटल्यावर सांगू

ते साल दोन हजार एकोणीस. त्या उन्हाळ्यात भीमा इतकी आटली होती की नरसिंहपूरच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या, ज्या म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा आयुष्यात एकदोनदाच पाहिल्या होत्या, त्या उघड्या पडल्या. इंदापूर तालुक्यात जागोजागी चारा छावण्या बसल्या. आणि शिमगा होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा बारामतीत म्हाळसाच्या पोटातली गाठ सापडली.

म्हाळसा ही भिमरावाची बायको. नरसिंहपुरापासून जवळच धनगरांची वस्ती आहे, तिथं त्यांचं घर. घरात तिघं: भिमराव, म्हाळसा आणि भिमरावाची थोरली बहीण नकोशी. तिचा नवरा लवकर वारला तेव्हा ती माहेरी आली ती कायमची. भिमराव-म्हाळसाची एकुलती लेक स्वरूपा लग्न होऊन सोमेश्वरनगरला गेलेली. तिचा नवरा शिवम साखर कारखान्याच्या ऊसवाहतुकीत ट्रॅक्टर चालवायचा.

म्हाळसाला बीपी लागलं तेव्हा तिची तिशी नुकती सरली होती. त्या वयात बीपी कुणाला असतं? मग लोकांनी कारण शोधलं, आणि ते फार लांब शोधावं लागलं नाही. बाई तोंडाची फटकळ होती. कुणी खोटं बोललं की तिथल्या तिथं म्हणायची. त्यात नाव म्हाळसा. देवाच्या म्हाळसेनं बाणाईशी केलेली भांडणं धनगराच्या पोराला पाळण्यापासून माहीत. "नावच असलं ठेवलंय, मग डोकं तापणारच," असं नकोशी पाहुण्यांना हसत सांगायची, आणि पाहुणेही हसायचे. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, बीपी काही उतरलं नाही. जो तो म्हणायचा, "राग सोड बाई, आपसूक उतरंल." म्हाळसाला हळूहळू ते पटलंच. आपल्याच स्वभावाचं हे फळ आहे असं मानून ती अळणी कालवण खायची, कुणाशी वाद झाला की आतल्या खोलीत जाऊन डोक्याला ओला फडका बांधून पडायची, आणि मनातल्या मनात त्याच माणसाची माफी मागायची. स्वरूपाचं स्थळ आलं तेव्हा तिला ते माणूस पसंत नव्हतं. तिनं तसं म्हटलंही. भिमराव म्हणाला, "तू पड जरा. तुझं बीपी बोलतंय." ती जाऊन पडली. तेवढ्यात बाहेर सुपारी फुटली.

ह्या घराची एक जुनी रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भिमरावाचे वडील म्हस्कू आबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे. घोडी, कुत्री, कोंबड्या, बायकापोरं असा सगळा तांडा. घरी राहिलेल्यांत कुणी मेलं, कुणाचं काही बिघडलं, तरी वाटेवरच्या माणसाला कळवायचं नाही, असा दंडक होता. कळवून करणार काय? मेंढरं सोडून येता येत नाही, आणि रानात मन थाऱ्यावर नसलं की लांडगा कळपात शिरतो. आबा उन्हाळा सरता सरता परतायचे. मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडली जायची, आबांना पाय धुवायला पाणी मिळायचं, पोटभर जेवण मिळायचं. मग घरी राहिलेली म्हातारी समोर सुपारी कातरत बसायची आणि सांगायला लागायची. आधी बारीक गोष्टी. कोंबडी गेली, शेजारची भिंत पडली. मग मोठ्या. सगळ्यात मोठी शेवटी. म्हाळसा नवी नवरी असताना तिनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आबांना त्यांचा सख्खा भाऊ वारल्याचं असंच, शेंगोळ्यांच्या जेवणावर, कळलं होतं.

आता मेंढरं कधीच विकली गेली होती. रीत तेवढी घरात राहिली, आणि ती लागू झाली म्हाळसाला.

तिची आई मोरगावजवळ वारली तेव्हा भिमरावानं तिला फोन येताच सांगितलं होतं. ती जागीच कोसळली. इंदापूरच्या दवाखान्यात नेलं तर बीपी यंत्रात मावेना. तिथले डॉक्टर म्हणाले, "ह्यांना टेन्शन देत जाऊ नका." भिमरावानं ती गोष्ट देवाच्या कौलासारखी मनावर घेतली. तेव्हापासून घरात वाईट बातमी आली की नकोशी डोळ्यांनी खुणावायची, भिमराव फोन घेऊन गोठ्याकडं जायचा, आणि विचारलं तर दोघंही म्हणायची, "काय न्हाय. तुला बरं वाटल्यावर सांगू." म्हाळसाला बरं काही वाटलं नाही, त्यामुळं सांगायचंही राहून गेलं.

तर त्या शिमग्यानंतरची गोष्ट. म्हाळसा चुलीपुढं बसली होती, ती उठायला गेली तर पाय तिचे राहिलेच नव्हते. गोळे यायचे ते तिला नवं नव्हतं, पण ह्या वेळी पाय नुसते लोळागोळा. इंदापूरहून बारामतीला पाठवलं. तिथं डॉक्टर शगुफ्ता तांबोळी म्हणून बाई होत्या, वयानं तरुण, बोलायला मऊ, पण एक प्रश्न तीनदा विचारणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं. पोटॅशियम फार खाली गेलं होतं. त्यांनी विचारलं, "मावशी, रात्री लघवीला किती वेळा उठता? गोळे कधीपासून येतात? बीपी कितव्या वर्षी लागलं?" उत्तरं त्यांनी कागदावर मांडून घेतली. मग आणखी एक रक्ताची तपासणी पुण्याला पाठवली, आणि ती आल्यावर पोटाचा सीटी स्कॅन करायला सांगितला.

भिमरावाला कळेना. "म्याडम, बीपी डोक्यात असतंय, पोटाचा फोटो कशापायी?"

"किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक बारीक ग्रंथी असते, काका. दोन्हीकडं एकेक. तिथून एक रस सुटतो. तो जादा झाला की अंगात मीठ साठतं आणि बीपी चढतं. मग गोळ्या लागू पडत नाहीत. तिथं काही आहे का ते बघायचंय."

स्कॅनच्या खोलीत वाजिद नावाचा पोरगेला माणूस यंत्र चालवत होता. भिमरावानं दारातूनच त्याला विचारलं, "का ओ, ह्यात राग दिसतो का माणसाचा?"

वाजिद सुई लावता लावता म्हणाला, "राग दिसाय लागला ना काका, तर भिगवण रोडपर्यंत लाईन लागंल आमच्याकडं."

म्हाळसासुद्धा हसली. मग दार बंद झालं. शिरेतून औषध गेलं तशी अंगभर ऊन लाट आली, यंत्रातून आवाज आला, श्वास घ्या, धरून ठेवा. तिनं धरून ठेवला. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गाठ डाव्या बाजूला होती. शेंगदाण्याएवढी. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवली. राखाडी चित्रात करड्या रंगाचा एक ठिपका, कुणी दाखवला नसता तर नजर त्याच्यावरून घसरून गेली असती. म्हाळसा त्या ठिपक्याकडं बघत राहिली.

"मग माझ्या रागानं न्हाय झालं हे?"

"नाही मावशी. तुम्ही कितीही शांत राहिला असता तरी हे झालंच असतं. मीठ कमी खाल्लं ते चांगलं केलंत. पण रागाचा इथं संबंध नाही." मग त्या भिमरावाकडं वळल्या. "फोटोत गाठ दिसते, पण खोडी तीच करते का ते फोटो सांगत नाही. पुण्यात दोन्ही बाजूंच्या शिरांमधलं रक्त घेऊन बघतील. डावीच दोषी निघाली तर दुर्बिणीतून ऑपरेशन. आता मला एक नीट आठवून सांगा. हे कधी कधी घराण्यात असतं. घरात दुसऱ्या कुणाला कमी वयात बीपी आहे? भाऊ, बहीण, मुलं?"

"माझी आई डोकं दुखतंय म्हणत म्हणत गेली," म्हाळसा म्हणाली. "तिचं कुणी मोजलंच न्हाय कधी. भावाला काय न्हाय."

"आणि मुलं?"

"एकच लेक. तिला काय न्हाय. व्हय ना ओ?"

भिमरावानं पंख्याकडं बघितलं. "न्हाय," तो म्हणाला. "ठणठणीत हाय ती."

"नक्की, काका?"

"व्हय. नक्की."

घरी जाताना एसटीत म्हाळसा खिडकीला टेकून बसली होती. उजाड रानं मागं पडत होती. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला आठवत होती ती सुपारी फुटलेली दुपार, आणि त्या आधीच्या अशा कितीतरी दुपारी. त्या ठिपक्याखातर आपण गप्प बसलो. शेजारी भिमराव मात्र खुशीत होता. बाईंचं बोलणं त्यानं आपल्या परीनं उलगडून घेतलं होतं. वस्तीवर पोचल्या पोचल्या त्यानं पारावर सांगून टाकलं, "रागाची गाठ सापडली. शेंगदाण्याएवढी हाय. काढली की बाई मऊ हुणार." ज्याच्या त्याच्या तोंडी तेच झालं. नकोशीनं तर दृष्ट काढली.

पुण्यात डावी बाजूच दोषी निघाली. वैशाखात ऑपरेशन झालं. दवाखान्यात पडल्या पडल्या म्हाळसानं विचारलं, "वन्सं कुठं हायत्या? आल्या न्हायत्या त्या."

"जेजुरीला गेल्यात. नवस फेडाय."

"आन सोरूपा? फोन बी न्हाय तिचा."

"कारखान्याकडं रेंज नसती," भिमराव म्हणाला. "तू तुझं बघ. बरं वाटल्यावर सांगू सगळं." त्याचा चेहरा उतरलेला होता. तिला वाटलं, आपल्या काळजीनं.

एरवी स्वरूपा दर रविवारी फोन करायची, पण सहा महिन्यांत ती आली नव्हती. संक्रांतीलाही नाही. आवाज जड यायचा. विचारलं की म्हणायची, "बरी हाय आई. तू नको डोकं तापवून घेऊ." म्हाळसाला वाटायचं काहीतरी आहे. पण विचारायला जावं तर तिघांचं एकच उत्तर, आणि त्या उत्तराला तिच्याजवळ तोड नव्हती.

आषाढात डॉक्टर शगुफ्तांनी बीपी पाहिलं. दोन्ही हातांना पाहिलं. मग पट्टा सोडत म्हणाल्या, "मावशी, माझ्याइतकं आहे तुमचं. एक बारीक गोळी राहू दे काही महिने, बाकीच्या बंद." भिमरावानं तिथंच हात जोडले. गाडीत बसायच्या आधी त्यानं नकोशीला फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "नार्मल हाय. आता हरकत न्हाय."

घरी पोचल्यावर नकोशीनं दारातच पायांवर पाणी घातलं. आत शेंगोळ्या केल्या होत्या, वर तुपाची धार. म्हाळसाला पाटावर बसवून दोघांनी आग्रह करकरून वाढलं. तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी असं वाढलं नव्हतं. ताट बाजूला झालं, हात धुऊन झाले, आणि नकोशी अडकित्ता घेऊन समोर येऊन बसली. सुपारीचा पहिला काप पडला तेव्हा म्हाळसानं मान वर केली. हे बसणं तिनं पाहिलेलं होतं.

"तुझी शेरडी चोरीला गेली म्हनलो हुतो ना आमी," नकोशी म्हणाली, "ती न्हाय गेली. साप चावून मेली."

"बरं."

"मोरगावला तुझ्या भावानं आईची खोली पाडली. दोन वरसं झाली. तितं आता पोल्ट्री हाय."

म्हाळसानं पाटाखालचं एक शीत उचलून बाजूला ठेवलं.

"ती तुझी मोरगावची वहिदा," भिमरावानं पुढचं घेतलं. वहिदा म्हणजे कासाराच्या घरातली, म्हाळसाची परकराच्या वयापासूनची मैत्रीण. "ती गेली गेल्या साली. कावीळ झाली हुती."

"मी तिला कुरडया धाडल्या ह्या उन्हाळ्यात."

"त्या आमी छावणीतल्या पोरांस्नी वाटल्या. वाया न्हाय घालवल्या."

अडकित्ता वाजत राहिला. दोघांच्या तोंडावर ओझं उतरत चालल्याची एक कळा होती. वाटेवरचं माणूस घरी परतलं होतं. वर्षानुवर्षं साठलेलं आता एकदाचं खाली ठेवायचं होतं. मोठी गोष्ट शेवटी ठेवायची, म्हणून ती शेवटी आली.

ती भिमरावालाच सांगावी लागली. स्वरूपाला दिवस गेले होते. पहिल्या महिन्यापासून बीपी होतं, डोकं दुखायचं, पायाला गोळे यायचे. सासरची म्हणाली, आईवर गेलीय, रागीट. शांत राहा म्हणून तिला कोपऱ्यातली खोली दिली. पोर हातात आल्याशिवाय आईला कळवायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, स्वरूपानंही. सातव्यात तिला झटके आले. बाळ गेलं, मुलगा होता. तिचा उजवा हात अजून नीट उचलत नाही. नकोशी जेजुरीला गेली नव्हती, सोमेश्वरनगरच्या दवाखान्यात बसून होती. त्याच आठवड्यात इकडं पुण्यात म्हाळसाच्या पोटातली गाठ काढली होती.

मग नकोशी उठली, फळीवरचं बीपीचं यंत्र घेऊन आली आणि म्हाळसाच्या दंडाला पट्टा गुंडाळला. यंत्र घुरघुरलं, थांबलं. नकोशीनं आकडे भावापुढं धरले.

"बघ. एकशे अठ्ठावीस. आन काय बी झालं न्हाय तिला."

"गाठीसंगं गेला राग," भिमराव म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

म्हाळसानं पट्टा स्वतःच्या हातानं सोडला. घडी घातली, यंत्राशेजारी ठेवली. "अवो," ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी इचारलं तवा सोरूपाला कितवा हुता?"

भिमरावाला आधी प्रश्न कळला नाही. कळला तेव्हा त्यानं पुन्हा वर बघितलं, पण घरात पंखा नव्हता.

"सांगा की."

"पाचवा."

"आन तिला बीपी हाय ते तुमास्नी ठावं हुतं."

"तू संगं बसली हुतीस म्हाळसा. तुझ्या म्होरं कसं सांगू? तुझं वाढलं असतं."

"माझं काढाय तर गेलो हुतो तितं."

ती ओरडली नाही. वस्तीतल्या लोकांना नंतर ह्याचंच नवल वाटलं, आणि पुष्कळांनी त्याचा अर्थ गाठ गेल्याचा गुण असा लावला. नकोशी एवढंच म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच केलं गं सगळं." म्हाळसा म्हणाली, "वन्सं, सुपारी आत ठिवा. मला आता तिचा आवाज नको."

सकाळी पहिल्या एसटीनं ती निघाली. भिमराव मागोमाग आला; तिनं त्याला ये म्हटलं नाही, येऊ नको असंही नाही. सोमेश्वरनगरला स्वरूपा कोपऱ्यातल्या खोलीत डाव्या हातानं लसूण सोलत बसली होती. आईला दारात बघून तिच्या तोंडून पहिलं निघालं ते, "कुणी सांगितलं तुला? तुझं बीपी वाढंल."

"न्हाय वाढत आता. चप्पल घाल."

शिवम दारात आडवा उभा राहिला. "मामी, तिला शांत राहायला सांगितलंय डॉक्टरांनी. उगं डोकं फिरवू नका तिचं."

"तिच्या डोक्याला काय बी झालेलं न्हाय. पोटात हाय ते. सर बाजूला," म्हाळसा म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की तो सरला.

बारामतीत डॉक्टर शगुफ्तांनी स्वरूपाला आधी काहीच विचारलं नाही. तिचा हात हातात घेऊन वरखाली करून पाहिला. मग रक्त, मग तोच स्कॅन, तोच वाजिद, तोच श्वास धरून ठेवायचा हुकूम. ह्या वेळी वाजिदनं विनोद केला नाही. स्वरूपाच्या दोन्ही ग्रंथी जाड होत्या, दोन्हीकडं बारीक दाणे. दोन्ही बाजू काढता येत नाहीत. जन्मभर गोळी, पण ती लागू पडणारी गोळी.

"आधी कळलं असतं तर पोर वाचलं असतं का?" म्हाळसानं विचारलं.

बाईंनी हातातली फिल्म टेबलावर ठेवली. "वाचलंच असतं असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत, मावशी. पण मी वेगळं बघितलं असतं. पोटॅशियम बघितलं असतं, पुण्याला पाठवलं असतं." मग दाराकडं बघून, भिमराव तिथं उभा होता, हळूच म्हणाल्या, "मी विचारलं होतं."

भिमराव तसाच पायऱ्या उतरून खाली रसवंतीच्या बाकावर जाऊन बसला. त्या दिवशी त्याला कुणी हाक मारली नाही.

स्वरूपाचा हात पुष्कळसा सुधारला. बोटं मात्र थंडीत वळत नाहीत. तिचं बीपी गोळीवर जाग्याला आहे. सासरच्यांनी रोगट घराणं म्हणून तिला परत घेतलं नाही. शिवम दोनदा येऊन गेला, मग आला नाही. पुढं त्याचं दुसरं लग्न झालं, दोन मुलं आहेत, आणि तो आता ट्रॅक्टर सोडून कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे असं ऐकिवात आहे. स्वरूपा बारामतीत एका कपड्याच्या दुकानात बसते. लग्नाचं नाव काढत नाही.

नकोशी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. म्हाळसाला ते बारामतीत त्याच तासाला कळलं, कारण काही झालं की लगेच कळवा असं तिनं वस्तीतल्या चार घरांना सांगून ठेवलं होतं. म्हाळसा तिथं जाऊन लांबून बघून परत आली. रडली की नाही ते कुणी पाहिलं नाही.

डॉक्टर शगुफ्ता अजून बारामतीतच आहेत. घराण्याचा प्रश्न त्या आता दोनदा विचारतात, एकदा सगळ्यांसमोर आणि एकदा एकेकाला बाहेर पाठवून. वाजिद दुबईला गेला.

म्हाळसा लेकीबरोबर बारामतीत भाड्याच्या खोलीत राहते आणि मेसला भाकऱ्या पुरवते. ती बारीक गोळीही बंद झाली. ती पूर्वीपेक्षा जास्त फटकळ झाली आहे, आणि आता तिला पडून राहायला सांगायची कुणाची छाती होत नाही.

भिमराव वस्तीवर एकटा असतो. त्यालाही आता बीपी आहे, म्हातारपणी असतं तसं साधं. तो रोज संध्याकाळी म्हाळसाला फोन करतो आणि दिवसभरातलं सगळं सांगतो, कोण मेलं, कोण पडलं, कुणाचं मोडलं. सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगतो. म्हाळसा शेवटपर्यंत ऐकून घेते. मग तो विचारतो, "तू बरी हायस का?" तेव्हा ती फोन ठेवून देते.